गिनीपिग पाळताय? मग एवढे लक्षात ठेवा

माणसांचा डॉक्टर आरोग्याच्या सदरात गिनीपिगवर लिहायला बसला हे पाहून काही वाचकांना हसू येईल. एरवी आपण येथे मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातले जुलाब अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे आणि तो निवडण्यामागे माझ्याच हातून झालेली एक चूक आहे. ती झाकून ठेवून पुढचा सल्ला देणे मला बरे वाटत नाही. म्हणून आधी तीच सांगतो.

गेल्या वर्षी जानेवारीत एक नऊ वर्षांची मुलगी दवाखान्यात आली. बरोबर आई आणि आजी. मुलीच्या मानेवर, केस सुरू होतात तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा लाल चट्टा होता. कडा उंचावलेल्या, मध्ये खपल्या, आणि खाज इतकी की मुलीला वर्गात लक्ष देता येईना. आईने औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली होती आणि पंधरा दिवस लावली होती. ट्यूब लावली की खाज थांबे, बंद केली की दुपटीने उसळे. मी गजकर्ण ओळखले, ती ट्यूब बंद करायला सांगितली, बुरशीवरचे साधे मलम लिहून दिले. घरात आणखी कोणाला खाज आहे का, टॉवेल कोणाचा वापरते, हे नेहमीचे प्रश्न विचारले. घरात एखादे जनावर आहे का, हे मात्र विचारले नाही.

तीन आठवड्यांनी तिघी परत आल्या. मानेचा चट्टा बसला होता, पण कानामागे आणि डोक्यात नवा उठला होता. मी पुन्हा टॉवेलची चौकशी करू लागलो तेव्हा आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते उंदीर आधी घराबाहेर काढायला सांगा. सगळं त्यांच्यापायी आहे." मुलगी तत्काळ म्हणाली, "आजी, उंदीर नाहीत ते!" अशा रीतीने खारी आणि बटर यांची मला पहिली ओळख झाली. मुलीच्या वाढदिवसाला वडिलांनी पुण्याहून आणलेल्या दोन गिनीपिग माद्या. मी दोघींना पेटीतून दवाखान्यात आणायला लावले. खारीच्या नाकाभोवती आणि डोळ्यांभोवती केस गळून कोंड्यासारख्या खपल्या धरल्या होत्या. मुलगी रोज तिला मानेशी धरून बसत असे. चट्टा कुठून आला हे सांगायला आता प्रयोगशाळेची गरज नव्हती.

मुलीला पोटातून औषध सुरू केले. डोक्याच्या गजकर्णाला नुसते मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते आणि काही आठवडे गोळ्या किंवा पातळ औषध घ्यावेच लागते. दोन्ही जनावरे पशुवैद्यकांना दाखवायला सांगितले. पुढच्या महिन्यात सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच वडिलांचा फोन आला. "डॉक्टर, बटर शिंकतेय, नाक वाहतंय. जनावरांचे डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी आहेत. मुलीचं अमॉक्सिसिलिनचं सिरप घरात उरलंय. दोन थेंब दिले तर चालेल ना?"

बाहेर वीस पेशंट बसले होते. मी म्हणालो, "द्या हो. दोन थेंबांनी काय होतंय?"

पाचव्या दिवशी बटर गेली. आधी खाणे सोडले, मग पातळ हगवण लागली, मग अंग गार पडले. मुलीने मला एकच विचारले, "डॉक्टरकाका, मला तेच औषध दिलं होतं तेव्हा मी तर बरी झाले होते ना?"

तिला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. रात्री पुस्तके काढली, दुसऱ्या दिवशी पशुवैद्यक मित्राला गाठले. तो म्हणाला, "अरे, हे आम्हाला कॉलेजात पाठ करायला लावतात." आम्हाला कोणी पाठ करायला लावले नव्हते.

प्रकार असा आहे. गिनीपिग हे पूर्णपणे गवतावर जगणारे जनावर. गवत पचवण्याचे काम ते स्वतः करीत नाही, त्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू करतात. म्हशीच्या पोटात जशी चारा कुजवण्याची सोय असते, तशीच ही, फक्त जागा वेगळी. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे पोटात गेली की हे उपयोगी जंतू मरतात आणि त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे घातक जंतू माजतात. त्यांचे विष आतड्याला सूज आणते आणि तीन-चार दिवसांत खेळ संपतो. ज्या औषधाने कोट्यवधी माणसे वाचवली, ते या एवढ्याशा प्राण्याला विषासारखे आहे, आणि ही गोष्ट १९४० च्या दशकापासून ठाऊक आहे. पेनिसिलिनची गाजलेली पहिली चाचणी १९४० साली ऑक्सफर्डला पांढऱ्या उंदरांवर झाली. ती गिनीपिगवर झाली असती तर हे औषध तिथेच बाजूला पडले असते, असे औषधशास्त्रात गमतीने म्हटले जाते. मला ती गंमत आता फारशी हसवत नाही.

तेव्हा गिनीपिग आजारी पडल्यास घरातले कोणतेही प्रतिजैविक त्याला देऊ नका, मग ते तोंडावाटे असो वा डोळ्यात घालायचे वा अंगाला लावायचे. अंगाला लावलेले मलम ते चाटते, हेही ध्यानात ठेवा. त्याला चालणारी प्रतिजैविके आहेत, पण ती पशुवैद्यकाने वजन करून द्यायची असतात. आणि ओघात माणसांसाठीही एक सांगून टाकतो. पाणी घालून तयार केलेले लहान मुलांचे प्रतिजैविक सिरप साधारण आठवडाभरात निकामी होते. ते 'पुढच्या वेळेसाठी' कपाटात ठेवण्याची जी पद्धत आपल्या घराघरांत आहे, ती बंद करा. त्या घरी ते सिरप फेकून दिलेले असते, तर वडिलांना फोन करायचे सुचलेच नसते.

आता या प्राण्याविषयी थोडे. गिनीपिगचा गिनी देशाशी संबंध नाही आणि डुकराशीही नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वताच्या पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले ते खाण्यासाठी, आणि आजही तिथे तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला आणि श्रीमंतांच्या घरी लाडका झाला. पुढे प्रयोगशाळेत गेला. क्षयाचा जंतू शोधताना रॉबर्ट कॉख यांनी गिनीपिग वापरले. घटसर्पावरच्या रक्तद्रवाची ताकद बराच काळ याच प्राण्यावर मोजली जाई. आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा खारट द्रवात टांगून त्यावर हिस्टॅमिनचा थेंब टाकायचा आणि काजळी धरलेल्या कागदावर उमटणारी रेघ पाहायची, असा प्रयोग असे. 'आमचा काय गिनीपिग समजलात?' हा वाक्प्रचार अशाच वापरातून आला. मी त्याच्या आतड्यावर परीक्षा दिली, पण त्या आतड्याला काय चालत नाही हे मला तीस वर्षांनी कळले.

या प्राण्याने आपल्यावर केलेला आणखी एक उपकार सांगायलाच हवा, कारण त्याच्या खाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिच हे दोन संशोधक बेरीबेरीचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले. बेरीबेरी झालाच नाही, झाला तो स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतून रक्त येण्याचा खलाशांचा रोग. ताजा भाजीपाला दिल्यावर तो बरा झाला. उंदीर, कुत्रे, गायी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व स्वतः तयार करतात, गिनीपिग करू शकत नाही. माणूसही करू शकत नाही. या एका उणिवेत ते आणि आपण एका पंक्तीला बसतो. पुढे सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्व वेगळे करून दाखवले, त्याचा पुरावाही गिनीपिगवरच मिळाला, आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे गडबड होते ती इथेच. दुकानदार गिनीपिगबरोबर सशाच्या खाद्याची पिशवी देतो. ससा क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या खाद्यात ते घातलेले नसते. त्या खाद्यावर गिनीपिग दोन-तीन आठवडे ठीक दिसते. मग ते कोपऱ्यात बसून राहते, उचलले की ओरडते, गुडघे सुजतात, केस राठ होतात, दात हलतात. घरचे म्हणतात, लंगडतेय, कुठून पडले असेल. हा बहुधा स्कर्व्ही असतो आणि वेळेत लक्षात आला तर बरा होतो.

एक किलोच्या आसपासच्या गिनीपिगला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, गाभण मादीला आणि वाढत्या पिलाला जास्त. यासाठी महागडे काही नको. आपला पेरू घ्या. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे बोटभर जाडीची एक छोटी फोड एका दिवसाला पुरे. पेरू देशातल्या प्राण्याला औषध म्हणून पेरूच लागावा हा योगायोग मला आवडतो. हे फळही अमेरिकेतूनच पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आले. पेरू नसेल तेव्हा ढोबळी मिरचीचा तुकडा, शेवग्याचा कोवळा पाला किंवा कोथिंबीर द्या. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्यात फारसा अर्थ नाही. उजेडात ते काही तासांत निकामी होते आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पिते.

मात्र फळ आणि पाला हे तोंडी लावणे झाले. मुख्य जेवण म्हणजे स्वच्छ वाळलेले गवत, दिवसरात्र, हवे तेवढे. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते गवताच्या रवंथाइतक्या चावण्यानेच झिजतात. आपल्याकडे शेतकऱ्याकडून वाळलेले मारवेल किंवा बांधावरचे बारीक गवत सहज मिळते. फक्त त्यावर फवारणी झालेली नाही आणि ते बुरसटलेले नाही हे पाहून घ्या. कडबा फार जाड, तो नको. हिरवी हरळी उत्तम. लसूणघास पिलांना आणि गाभण मादीला द्यावा, मोठ्या जनावराला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात. पोळी, भाकरी, बिस्किटे, दूध, शेव, चिवडा यांपैकी काही नको. आजीबाई प्रेमाने भाकरीचा तुकडा टाकतात आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगते. कांदा, लसूण आणि बटाट्याचा पाला तर कधीच नको. आणि ते स्वतःच्या मऊ लेंड्या खाते, त्याला रागावू नका. पचनातील जीवनसत्त्वे परत मिळवण्याची ती त्याची पद्धत आहे.

गिनीपिगने दिवसभर खाल्ले नाही तर उद्यावर ढकलू नका. माणसाला एक दिवसाचा उपवास पचतो, त्याला पचत नाही. आतडे थांबते.

उन्हाळ्याचे काय, असे सोलापुरात कोणीही आधी विचारील. हा थंड डोंगरावरचा प्राणी. त्याला घाम येत नाही, आणि धापा टाकून कुत्र्यासारखे अंगही गार करता येत नाही. पारा २८-३० च्या पुढे गेला की तो अस्वस्थ होतो, आपल्याकडे तर मे महिन्यात तो ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर, गॅलरीत पिंजरा ठेवला तर एका दुपारीत जनावर मरते. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, फरशीवर पिंजरा ठेवा. आडवा पाडलेला माठ आत ठेवला तर ते त्यात जाऊन बसते. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी. तोंडाला फेस, आडवे पडणे, भराभर श्वास दिसले तर गार पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने कान आणि पाय पुसत पशुवैद्यकाकडे न्या.

आता माझ्या हद्दीतले, म्हणजे माणसांचे.

गजकर्णाविषयी सुरुवातीला आलेच. गिनीपिगच्या अंगावरची बुरशी माणसाला लागली की चट्टा नेहमीपेक्षा जास्त लाल आणि सुजलेला असतो. डोक्यात कधी कधी पू झाल्यासारखी गाठ येते आणि गळू समजून ती कापली जाते. ती कापायची नसते. कित्येकदा जनावराच्या अंगावर काहीच दिसत नाही तरी बुरशी असते. मुलांना खाजरे लाल गोल चट्टे आले तर डॉक्टरांना 'घरात गिनीपिग आहे' हे आपणहून सांगा, कारण माझ्यासारखा डॉक्टर विचारायला विसरू शकतो. आणि दुकानातून ट्यूब आणून लावू नका. या ट्यूबांवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलेले असते. ही स्टेरॉइडे. त्यांनी खाज दबते, बुरशी मात्र खाली पसरत राहते, त्वचा पातळ होते आणि मग आमची खरी औषधेही लवकर गुण देत नाहीत. आपल्या देशात गेली काही वर्षे गजकर्ण इतके चिवट झाले आहे, त्यात या ट्यूबांचा वाटा मोठा आहे. गिनीपिगवर त्याचे खापर फोडता येणार नाही.

दम्याच्या घरात जरा विचार करा. गिनीपिगच्या लघवीत, लाळेत आणि केसांतल्या कोंड्यात ॲलर्जी आणणारे पदार्थ असतात. भर म्हणून गवताची आणि लाकडाच्या भुशाची धूळ. घरात कोणाला दमा असेल तर विकत आणण्याआधी ज्यांच्याकडे गिनीपिग आहे अशा घरी तासभर बसवून पाहा, एकदा नव्हे, चार वेळा. आणलेच असेल तर पिंजरा झोपायच्या खोलीत नको, आणि साफसफाई दमेकऱ्याने करायची नाही. खाली भुश्याऐवजी जुने वर्तमानपत्र आणि त्यावर सुती फडके घाला. हा अंकही चालेल, पण वाचून झाल्यावर.

जुलाबाचे जंतूही त्यांच्याकडून येऊ शकतात. अमेरिकेत २०१५ ते २०१७ या काळात काही जणांना पाळीव गिनीपिगकडून साल्मोनेला झाल्याचे नोंदले गेले. उपाय साधा आहे. जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, पिंजरा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ किंवा भांडी घासायच्या मोरीत न धुणे, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला एकट्याने हाताळू न देणे. गरोदर बाईने पिंजरा साफ करू नये. घरातले उंदीर पिंजऱ्याशी आले तर त्यांच्याकडचा एक विषाणू गिनीपिगमार्फत पोचू शकतो आणि तो गर्भाला अपाय करतो. खाद्याचा डबा घट्ट झाकणाचा हवा तो याच कारणासाठी.

चावले तर? गिनीपिग सहसा चावत नाही, घाबरले तरच. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवून डॉक्टरांना सांगा. सदैव घरात असणाऱ्या गिनीपिगपासून रेबीजची भीती जवळजवळ नसते. पण त्यालाच बाहेर कुत्रे, मांजर किंवा मुंगूस चावले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दवाखान्यात यायला उशीर करू नका.

मुलांना उचलायला शिकवा: एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि स्वतः जमिनीवर बसून. उभ्याने धरलेले गिनीपिग निसटले तर पाठीचा कणा मोडतो. सशाबरोबर एका पिंजऱ्यात ठेवू नका. सशाला त्रास न देणारा एक जंतू याला न्यूमोनिया करतो. ते एकटे ठेवणेही बरे नव्हे, हा कळपातला जीव आहे. दोन माद्या आणा, पण दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. लहानपणी नर-मादी ओळखणे अवघड असते, त्यामुळे 'दोन माद्यां'ची सहा जनावरे झाल्याची उदाहरणे आमच्याच गावात आहेत. मादी महिना-सव्वा महिन्याची झाली की गाभण राहू शकते. उलट सात-आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा गाभण राहिली तर कमरेचे हाड सैल होत नाही आणि बाळंतपणात ती दगावू शकते. पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्या. आणि पाच ते आठ वर्षे ती राहणार आहे, हा हिशेब आणण्यापूर्वी घरात बसून करा. मुलगी नऊ वर्षांची असते तेव्हा आणलेले जनावर ती दहावीला असताना बऱ्याचदा आईच्याच गळ्यात असते.

बटर गेल्यानंतर खारी आठवडाभर कोपऱ्यात बसून होती. आजी शेतात सोडून द्या म्हणत होत्या. गिनीपिगला शेतात सोडणे म्हणजे घारीला किंवा मांजराला देणे होय. मी त्या घरी स्वतः जाऊन चूक माझी होती हे मुलीला सांगितले. आतड्यातल्या जंतूंची गोष्ट कागदावर चित्र काढून समजावली. तिने ते चित्र ठेवून घेतले, मला काही बोलली नाही. महिन्याभराने त्यांनी खारीला सोबत म्हणून दुसरी मादी आणली. नवी असल्याने तिला तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, अंगावर काही दिसते का पाहा, मग एकत्र करा, असे या वेळी मी न विचारता सांगितले.

मुलीला मी एक काम दिले आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, वेगळ्या टोपल्यात बसवून, दर रविवारी दोघींचे वजन करायचे आणि वहीत लिहायचे. गिनीपिग आपले दुखणे लपवते. शंभर ग्रॅम वजन उतरले की समजावे, आत काहीतरी बिघडले आहे, जरी ते दिसायला ठणठणीत असले तरी. परवा ती वही घेऊन दवाखान्यात आली होती. खारी ९१० ग्रॅम, नवी ६४० ग्रॅम. नवीचे नाव अजून ठरलेले नाही. आजी तिला टोस्ट म्हणतात.